नोकरी मीच सोडली होती, तरीही बेकारभत्ता मिळाला

राजीनाम्याच्या ईमेलमध्ये मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. वैयक्तिक कारणांमुळे काम सोडते आहे, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. निघताना वाकडं बोलू नये, हे सांगलीच्या घरात अंगात मुरलेलं. त्याच दोन ओळींनी पुढे मला घाम फोडला.

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या एका दातांच्या दवाखान्यात मी तीन वर्षं फ्रंट डेस्क सांभाळत होते. आठवड्याला 36 तास, तासाला 26 डॉलर. 2024 च्या ऑगस्टमध्ये मालक बदलला. आधी 36 तासांचे 22 झाले. पंधरा दिवसांनी मॅनेजरबाईंनी आत बोलावलं आणि दर साडेवीस केल्याचं सांगितलं. 936 डॉलरचा आठवडा 451 वर आला. पोराला शाळेनंतर जिथे ठेवायचो, तिथलं बिल मात्र जिथल्या तिथे.

मी जुना दर मागणारा ईमेल केला. 'सध्या शक्य नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं. मग त्याच मालकाच्या दुसऱ्या दवाखान्यात काही तास मिळतील का, असं मेसेजवर विचारलं. तिथेही नाही. 20 सप्टेंबरला, शुक्रवारी, मी शेवटचं शटर ओढलं. तो ईमेल आणि तो मेसेज मी मुद्दाम जपून वगैरे ठेवले नव्हते. फोन साफ करायचा आळस, एवढंच.

पुढचे तीन आठवडे मी अर्जच केला नाही. आपण होऊन सोडलेल्या नोकरीवर कसला आलाय भत्ता, हे एक. दुसरं म्हणजे लाज. आई फोनवर म्हणाली, "अगं, सरकारकडे हात पसरायची वेळ आली का?" तिला काय समजावणार, मलाच ते तसं वाटत होतं. शेवटी नवऱ्याने माझी पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, पुढे ठेवली. इथे बेकारीच्या विम्याचा हप्ता मालक भरतो, प्रत्येक कामगाराच्या पहिल्या 7,000 डॉलर पगारावर. आपल्या पगारातून कापला जातो तो एसडीआय, आजारपणाचा आणि बाळंतपणाचा, तो वेगळा. म्हणजे हा विमाच. ग्रीन कार्डवाल्यांना जी 'सरकारवर भार' होण्याची धास्ती असते, त्यातही हे पैसे मोजत नाहीत. ते तीन आठवडे मात्र फुकट गेले, कारण क्लेम धरतात तो अर्ज केलेल्या आठवड्याच्या रविवारपासून. माझा धरला 13 ऑक्टोबरपासून.

अर्ज ऑनलाइन, ईडीडीच्या म्हणजे राज्याच्या रोजगार खात्याच्या साइटवर. सेल्फी काढून ओळख पटवा, ग्रीन कार्डचा नंबर टाका, शेवटचा दिवस, शेवटच्या आठवड्याची कमाई. मग तो प्रश्न: काम का थांबलं? एका मैत्रिणीचा सल्ला होता, "लेऑफ लिही ना, कोण बघतंय?" बघतात. तुमचा अर्ज गेला की मालकाला नोटीस जाते, आणि खोटं लिहून घेतलेले पैसे 30 टक्के दंडासकट परत घेतात. मी 'स्वतः सोडली' हेच निवडलं आणि कारणाच्या चौकटीत तास आणि दर, आधीचे आणि नंतरचे, तारखांसह लिहिले.

स्वतः सोडली म्हटलं की फोनवर मुलाखत ठरलेली. मला 30 ऑक्टोबर मिळाली, दहा ते बारा. दुसऱ्या दिवशी पहिली अंघोळ, त्यामुळे चकलीची भाजणी भिजवून झालेली. फोन आला तेव्हा माझा उजवा हात मनगटापर्यंत पिठात. डाव्या हाताने फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडच्या बाई शांत होत्या. पहिलंच वाक्य: तुमच्या मालकाने तुमचा राजीनामा पाठवलाय, त्यात वैयक्तिक कारण लिहिलंय. माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, ते सभ्यपणापोटी लिहिलं होतं. यावर त्या काही बोलल्या नाहीत, टाइप करण्याचा आवाज तेवढा आला.

मग त्यांनी जे विचारलं ते माझ्या डोक्यातही नव्हतं. तुम्ही तास कमी झाले म्हणून सोडलंत की दर कमी झाला म्हणून? मी 'दोन्ही' म्हणणार होते, पण त्या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या धरूनच विचारत होत्या. नंतर वाचलं तेव्हा कळलं का ते. नुसते तास कमी झाले तर 'नसण्यापेक्षा अर्धं काम बरं' असा हिशोब लावतात, कारण अर्ध्या कामावरही भत्त्याचा काही भाग मिळू शकतो. दरात साधारण 20 टक्के किंवा जास्त कपात झाली असेल तर ते सोडायला सबळ कारण धरतात. 26 चे साडेवीस म्हणजे 21 टक्के. काठावर, पण पलीकडे.

पुढचे प्रश्न सगळे सोडण्याआधीचे. दर कमी झाल्यावर कुणाशी बोललात? कधी? काय उत्तर आलं? दुसरीकडे बदली मागितली का? पिठाचा हात पदराला, म्हणजे टी-शर्टला, पुसून मी ईमेल शोधला आणि तारखेसकट वाचून दाखवला. मग मेसेज. दोन्ही पे-स्टबवरचे दर त्यांनी लिहून घेतले. मालक किती वाईट वागला हे सांगायची माझी बरीच तयारी होती, ती तशीच राहिली. वीसेक मिनिटांत फोन संपला. भाजणी तोवर आंबट-ओली झाली होती, चकल्या तेलात विरघळल्या.

भत्ता मिळण्यासाठी दर दोन आठवड्यांनी सर्टिफाय करावं लागतं, म्हणजे ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: आजारी होता का, काम नाकारलं का, काम शोधलं का, काही कमावलं का, असे सहा प्रश्न. निकाल लागायचा असला तरी हे थांबवायचं नाही, हे बरं झालं मला आधीच कुणीतरी सांगितलं होतं. मी अर्ज कुठे कुठे केले ते वहीत लिहीत होते. कॅलजॉब्जवर, म्हणजे राज्याच्या नोकऱ्यांच्या साइटवर, नाव आणि रेझ्युमे टाकायलाही 21 दिवसांची मुदत असते.

मुलाखतीनंतर आठवडाभराने सकाळी चहा घेता घेता साइट उघडली, तर 'पेंडिंग'च्या जागी 'पेड'. पहिला आठवडा प्रतीक्षेचा, त्याचे पैसे नसतातच. दुसऱ्यापासून 450 डॉलर. राज्यातली ही कमाल रक्कम 2005 पासून तेवढीच आहे. इथलं घरभाडं त्यानंतर कुठून कुठे गेलं ते विचारू नका.

चुटपुट एकाच गोष्टीची लागली. ऑगस्टमध्ये तास कमी झाले तेव्हाच, नोकरीत असतानाच, मला अर्ज करता आला असता. आठवड्याच्या कमाईतले 25 टक्के सोडून देतात, उरलेले भत्त्यातून वजा करतात. 451 डॉलरवर मला शंभराच्या वर काहीतरी मिळालं असतं, ते महिनाभर.

2 डिसेंबरला एका लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात रुजू झाले. शेवटच्या सर्टिफिकेशनमध्ये एका आठवड्याला 'काम केलं नाही' आणि दुसऱ्याला 'केलं' असं लिहिलं. सहा आठवड्यांचे 2,700 डॉलर झाले. केंद्राच्या टॅक्समध्ये ते धरतात, कॅलिफोर्निया धरत नाही. 10 टक्के आधीच कापायला सांगितले होते. आईला आकडा सांगितला. ती मनातल्या मनात रुपये करत राहिली आणि मग म्हणाली, "आणि चकल्यांचं काय झालं?"