आर्ट प्रिंट्स: निवडण्यापासून भिंतीवर लावेपर्यंत (माझा अनुभव)

घरातल्या भिंतींवर चांगल्या आर्ट प्रिंट्स लावायचं बरेच दिवस डोक्यात होतं. एकदा मनावर घेतल्यावर कळलं की चित्र निवडणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, खरं काम आहे ते कागद, माउंट (चित्राभोवती लावायची जाड पुठ्ठ्याची, मध्ये खिडकी कापलेली चौकट) आणि उजेड यांचं, म्हणून जे जे करत गेले ते सविस्तर लिहितेय.

आधी आपण नेमकं काय विकत घेतोय ते समजून घेतलं. एक असते मूळ प्रिंट, म्हणजे कलाकाराने लाकडी ठसा, तांब्याची प्लेट, लिथोचा दगड (ज्यावर चित्र काढून छापतात) किंवा सिल्क स्क्रीन (शाई पलीकडे ढकलून छापायची जाळी) वापरून छापण्यासाठीच केलेलं चित्र, तिथे छापून आलेला कागद हेच मूळ चित्र. दुसरी रिप्रॉडक्शन, म्हणजे पेंटिंगचा फोटो घेऊन छापलेली, आणि त्यातही साधं ऑफसेट पोस्टर वेगळं आणि पिगमेंट शाईने (म्हणजे बारीक रंगकणांच्या शाईने) कॉटनच्या कागदावर इंकजेट प्रिंटरने काढलेली जिक्ले प्रिंट वेगळी. ओळखायला एक भिंग पुरतं. ऑफसेटमध्ये रंगीत ठिपक्यांची ठराविक नक्षी दिसते, इंकजेटमध्ये बारीक फवारा दिसतो, आणि एचिंग (तांब्याच्या प्लेटवरून छापलेलं) असेल तर प्लेट दाबली गेल्याची खोलगट चौकट तिरप्या उजेडात दिसते. छापील आहे म्हणजे हलकं, असं काही जण म्हणतात ते मला अजिबात मान्य नाही. ड्यूरर, रेम्ब्रांट या युरोपातल्या जुन्या चित्रकारांनी छपाईतच किती मोठं काम केलंय, आणि आपल्याकडे राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत लिथोग्राफीची प्रेस काढली म्हणून तर त्यांची चित्रं लोकांच्या घरात पोचली.

पेन्सिलने खाली १२/५० असं लिहिलेलं असतं ना, ते म्हणजे ५० प्रतींपैकी १२ नंबरची. कमी नंबर म्हणजे जास्त चांगली छपाई असं काही नसतं, कारण सह्या करताना प्रती छापल्या त्याच क्रमाने येतात असं नाही. ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहिलेलं असेल तर ती कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. मी हे सगळं विक्रेत्याला सरळ विचारते, की एडिशन किती प्रतींची, कागद कुठला, शाई पिगमेंट की डाय (विरघळलेल्या रंगाची), आणि उत्तर गुळमुळीत आलं तर घेत नाही.

मला सगळ्यात आधी हवी होती जपानी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध लाट, साधारण १८३१ सालची. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या चित्रांच्या मोठ्या फाइल्स कुणालाही कशाही वापरायला खुल्या केल्यात, त्यात ही पण आहे, तिथून फाइल घेतली. छापणाऱ्याने भलीमोठी करू का विचारलं, पण मूळ वुडब्लॉक (लाकडी ठशाची) प्रिंट साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटरचीच, आणि ती हातात धरून जवळून बघायचं चित्र आहे असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे मी जवळपास मूळ मापातच काढली. इंचाला ३०० पिक्सेल असा हिशोब धरला तर या मापाला साधारण ३००० बाय ४४०० पिक्सेल लागतात, फाइल त्याहून लहान असेल तर चित्र लहान काढावं, ताणू नये. आणि फ्रेमच्या मापात बसवायला चित्र कापू तर मुळीच देऊ नये, चित्राच्या मापाने फ्रेम करून घ्यावी. कागद १०० टक्के कॉटनचा, मॅट, साधारण ३०० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम) घेतला. आधी छोट्या तुकड्यावर टेस्ट प्रिंट काढून ती दिवसाच्या उजेडात आणि रात्री घरातल्या दिव्याखाली बघितली, निळा रंग दोन्हीकडे बराच वेगवेगळा दिसला, मग दिव्याखालचा बघून फायनल केलं कारण ती भिंत आम्ही संध्याकाळीच जास्त बघतो.

आता फ्रेमिंग, यावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं. एका फ्रेमवाल्याने प्रिंट सरळ बोर्डावर चिकटवून देतो, कागद कधीच फुगणार नाही असं सांगितलं, तिथून मी प्रिंट परत घेऊन आले. एकदा चिकटवलेली प्रिंट नीट सुटत नाही आणि मूळ प्रिंट असेल तर तिची किंमतच जाते. योग्य पद्धत अशी की वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावायच्या आणि प्रिंट त्यावर लटकू द्यायची, कारण दमट हवेत कागद पसरतो आणि कोरड्या हवेत आकसतो, त्याला जागा लागते. सेलोटेप कधीच नाही. माउंट आणि मागचा बोर्ड दोन्ही ॲसिड-फ्री पाहिजेत, स्वस्त बोर्डामधलं ॲसिड काही वर्षांनी माउंटच्या खिडकीच्या कडेने प्रिंटवर तपकिरी रेघ उमटवतं आणि ती जात नाही. माउंटचं दुसरं काम म्हणजे काच कागदाला टेकू न देणं, टेकली की आत ओल धरून कागद काचेला चिकटतो. काचेऐवजी मी यूव्ही अडवणारं ॲक्रिलिक घेतलं, वजन काचेच्या जवळपास निम्मं आणि पडलं तरी चुरा होऊन प्रिंट फाटत नाही, फक्त कोरड्या फडक्याने जोरात पुसायचं नाही, ओरखडे येतात.

पण यूव्ही अडवला म्हणजे निश्चिंत, असं नाही हं. साधा दिसणारा उजेडसुद्धा रंग उडवतो, आणि झालेलं नुकसान साठत जातं, अंधारात ठेवून भरून येत नाही. म्युझियममध्ये कागदावरच्या कामांना साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड देतात, लाटेच्या जुन्या प्रती काही महिने दाखवून मग कित्येक वर्षं आत ठेवतात. घरात इतकं जमणार नाही, पण खिडकीसमोरची भिंत मी पहिल्यांदा बाद केली, तिथे कितीही शोभलं असतं तरी. बाथरूमला लागून असलेली भिंतही बाद, ओलीमुळे बुरशी येते आणि कसर लागते. बाकी भिंतींवरही फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांत छोट्या बुचाच्या चकत्या लावल्यात म्हणजे मागून हवा खेळते.

टांगायचं काम त्यामानाने पटकन झालं. वर्तमानपत्राचे कागद फ्रेमच्या मापाने कापून भिंतीवर चिकटवले, दोन-चार दिवस तसेच ठेवून हलवत राहिले, मगच ड्रिल. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर, सोफ्याच्या वर असेल तर पाठीपासून एक वीतभर अंतर, आणि दोन फ्रेम्समध्ये दोन-तीन इंच. मोठ्या फ्रेमला एक खिळा न ठोकता दोन हूक दिले, म्हणजे ती तिरकी होत नाही.

ज्या प्रिंट्स सध्या भिंतीवर नाहीत त्या गुंडाळून नळीत न ठेवता सपाट फोल्डरमध्ये, मध्ये ॲसिड-फ्री कागद घालून ठेवल्यात, आणि पावसाळा संपला की भिंतीवरच्या आत आणि आतल्या भिंतीवर. बिलं आणि सर्टिफिकेट्स वेगळ्या फाइलमध्ये, त्यातच प्रत्येक प्रिंटचा फोटो, कागद, शाई, कधी टांगली आणि कधी उतरवली हे लिहून ठेवते.