नवा, जुना की रिफर्बिश्ड : माझा डेस्कटॉप ठरेपर्यंत

मी सांगलीत घरून हिशेबाची कामं करते. टॅली, जीएसटी रिटर्न, टीडीएस, मार्चनंतर आयकर. माझा जुना असेंबल्ड डेस्कटॉप बिघडला नव्हता. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, वर एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाकलेली, टॅली धावत होतं. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला आणि विंडोज ११ या मशीनला घ्यायला तयार नाही. वर्षभराची मुदतवाढ मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट येतात, ती मी घेतली. पण माझ्या मशीनवर लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, डिजिटल सहीचे टोकन. हे सगळं अपडेट नसलेल्या मशीनवर ठेवून इंटरनेटला जोडायचं माझ्या मनाला पटेना. म्हणजे बदलायचं हे नक्की झालं, प्रश्न फक्त कशाने.

लॅपटॉप का नाही, हे घरात सगळ्यांनी विचारलं. दिवसभर आकडे मारायचे तर मला मोठा स्क्रीन आणि उजवीकडचा नंबर पॅड लागतो. शिवाय मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस सगळं होतंच. फक्त डबा हवा होता.

बजेट वीस हजारांच्या आत. त्यात तीन वाटा दिसल्या. पहिली, नवा असेंबल करणं. बाराव्या पिढीचा आय-३ १२१०० घेतला तर प्रोसेसर झकास, पण बोर्ड, कॅबिनेट, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) धरून आकडा पुढे जात होता, आणि त्यात रॅमचे भाव चढलेले. दुसरी, ते तळहाताएवढे नवे मिनी पीसी, एन१०० प्रोसेसरचे. वीज नावापुरती खातात, नवे असतात. पण त्यात रॅमला एकच स्लॉट, चार छोटे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग). एका वेळी टॅली, दोन एक्सेल आणि क्रोममध्ये सरकारी पोर्टलं उघडी ठेवणाऱ्या बाईला ते पुरलं असतं, पण जेमतेम. तिसरी वाट रिफर्बिश्डची, म्हणजे वापरलेलं मशीन तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकलेलं. तीच सगळ्यांत स्वस्त आणि तिचीच सगळ्यांत भीती.

भीती कमी झाली ती माझ्याच धंद्याच्या अंगाने विचार केल्यावर. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट दोनमध्ये डेस्कटॉपचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं धरलंय. आयकरात संगणकावर दर वर्षी ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे शंभर रुपयांचं मशीन चार वर्षांनी वहीत तेरा रुपयांचं उरतं. कंपनीच्या दृष्टीने ते मेलेलं असतं, मग ते टेबलावर कितीही नीट चालू असो. बरीच मशीनं तर भाड्याने घेतलेली असतात, करार संपला की लॉटने परत जातात. माझा मामेभाऊ पुण्यात एका कंपनीत हेच खातं बघतो. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडची मशीनं एसीमध्ये राहतात, यूपीएसवर चालतात, आणि निम्म्या लोकांनी त्यावर मेल सोडून काही उघडलेलं नसतं." घरगुती सेकंड हँड मशीनपेक्षा ऑफिसमधून सुटलेलं बरं, हे मला पटलं. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क आणि प्रोडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर ही सगळी त्याच जातीची.

मग जाहिराती बघायला लागले आणि डोकं फिरलं. "आय-५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, फक्त ९,५००." बाजूलाच दुसरा, "आय-५, ८ जीबी, २५६ एसएसडी, १६,५००." रॅम कमी, एसएसडी कमी आणि किंमत जास्त. मला वाटलं दुसरा लुबाडतोय. भावाने विचारलं, "पिढी कुठली?" पहिल्या जाहिरातीत ती लिहिलेलीच नव्हती. फोन केला तेव्हा कळलं, आय-५ ४५९०. चौथी पिढी. माझ्या जुन्या मशीनचाच थोरला भाऊ.

या इंटेलच्या नंबराचं एकदा नीट समजून घेतलं की निम्मं काम होतं. आय-५ नंतरच्या चार आकड्यांत पहिला आकडा पिढीचा. ६५०० म्हणजे सहावी, ७५०० सातवी, ८५०० आठवी. दहाव्या पिढीपासून पाच आकडे, तिथे पहिले दोन बघायचे. आणि सातवी ते आठवी हा एका आकड्याचा फरक नाही. सातव्या पिढीच्या डेस्कटॉप आय-५ मध्ये चार कोअर होते, आठवीत सहा झाले. आठव्या पिढीचा आय-३ ८१०० चार कोअरचा आहे, म्हणजे तो आदल्या पिढीच्या आय-५ च्या पंक्तीला बसतो. तरी दुकानदार "आय-३ नको ताई, आय-५ घ्या" म्हणत सातवी पिढी पुढे करतात, कारण गिऱ्हाईक आय-५ ऐकून खूश होतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विंडोज ११ ची अधिकृत यादीच इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते (सातवीतले मोजके अपवाद सोडून). एएमडी असेल तर रायझन २००० मालिकेपासून. म्हणून तर सहावी-सातवीची मशीनं एकदम स्वस्त झालीत. कंपन्यांनी ती ढिगाने बाहेर काढली आणि ती घेणाऱ्यापुढे तोच प्रश्न उभा आहे जो माझ्यापुढे जुन्या मशीनने उभा केला होता.

एका दुकानात सहाव्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ चालू करून दाखवलं. "चालतंय की, बघा ना!" चालतं, खरंच चालतं. तपासणीला बगल देऊन टाकता येतं. पण यादीबाहेरच्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. ज्या कारणासाठी मी मशीन बदलतेय तेच कारण विकत घेऊन घरी आणायचं का? मुलाला अभ्यासाला, किंवा लिनक्स टाकून वापरणाऱ्याला ते सहावीचं मशीन आठ-नऊ हजारांत उत्तमच आहे. मला नाही.

आठवी पिढी किंवा पुढे, इतकं ठरल्यावर यादी आपोआप आखूड झाली. डेल ऑप्टिप्लेक्स ३०६०, ५०६०, ७०६०. एचपी एलिटडेस्क ८०० जी४. लेनोवो एम७२०, एम९२०. यातही आकार तीन. मोठा टॉवर, अर्धा (एसएफएफ म्हणतात तो) आणि पुस्तकाएवढा. पुस्तकाएवढ्यात बहुधा 'टी' लागलेला कमी विजेचा प्रोसेसर असतो, ८५००टी वगैरे, आणि त्याला लॅपटॉपची रॅम लागते. मी मधला एसएफएफ पकडला.

पुण्यात लग्नाला गेले होते तेव्हा भावाला घेऊन एका मोठ्या दुकानात गेले. भिंतभर मशीनं, निवडायला भरपूर. तिथे त्याने जे जे तपासलं ते लक्ष देऊन बघितलं, कारण पुढे मला एकटीला करायचं होतं.

आधी झाकण. या ऑफिसच्या मशीनांचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरशिवाय उघडतं. आत धुळीचा थर आहे की साफ केलंय, रॅमची पट्टी एक की दोन, पंखा हाताने फिरवल्यावर कुरकुरतो का. मग डेलच्या मशीनवरचा सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग डेलच्या साइटवर टाकला, की ते मशीन कधी पाठवलं गेलं ते दिसतं. मग बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलाय का, आणि चोरी शोधणारी अ‍ॅब्सोल्यूट नावाची सोय चालू अवस्थेत आहे का. ती चालू असेल तर मशीन अजून कुणाच्या तरी नावावर बोलतंय असं समजायचं. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) दिसतंय हेही तिथेच बघून घेतलं.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर त्याच्या पेन ड्राइव्हवर होतं. एसएसडी नवी टाकलेली होती, तास जवळजवळ शून्य. पण सोबत "फ्री" म्हणून दिलेली १ टीबीची हार्ड डिस्क तीस हजार तास फिरलेली निघाली. वर्षाचे तास ८,७६० असतात, म्हणजे अखंड सव्वातीन वर्षांच्या वर. तसली डिस्क फुकटही नको, कारण आपण तिच्यावर बॅकअप ठेवणार आणि निर्धास्त राहणार.

शेवटी विंडोज. दुकानदार म्हणाला अ‍ॅक्टिव्हेटेड आहे. भावाने रन उघडून एस-एल-एम-जी-आर, स्पेस, स्लॅश, एक्स-पी-आर असं टाइप केलं. खिडकी उघडली, त्यात तारीख. कायमचं अ‍ॅक्टिव्हेशन असतं तर तसं लिहून येतं. तारीख आली म्हणजे कंपन्यांसाठीची १८० दिवसांची पद्धत वापरून तात्पुरतं भागवलेलं. "ते आपोआप वाढत राहतं," असं उत्तर मिळालं. लोकांचे हिशेब ठेवायचे आणि आपलं विंडोज असं ठेवायचं, हे काही बरं दिसत नाही. ब्रँडेड मशीन कारखान्यातून विंडोज प्रो घालून निघालं असेल तर त्याची किल्ली बायोसमध्येच असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं कोरं विंडोज टाकलं की ते इंटरनेटला जोडल्यावर स्वतःच अ‍ॅक्टिव्हेट होतं. पण काही ऑफिसांनी पैसे वाचवायला उबंटूवालीच मशीनं घेतलेली असतात, त्यांत किल्ली नसते. हे आधी विचारायचं, आणि शक्यतो आपल्यासमोर कोरं विंडोज टाकून घ्यायचं.

दुकान वाईट नव्हतं. दुसरं मशीन त्यांनी काढून दिलं असतं. मी थांबले ते वॉरंटीवर. सहा महिने, पण मशीन पुण्याला आणून द्यायचं. सांगलीहून डबा एसटीत घालून नेणार कोण, आणि जीएसटीच्या २० तारखेच्या तोंडावर नेला तर रिटर्न कोण भरणार?

भावाने तिथेच आणखी एक गोष्ट सांगितली होती. या मशीनांचा पॉवर सप्लाय बाजारातल्या साध्या एसएमपीएससारखा नसतो. आकार वेगळा, पिना वेगळ्या. गल्लीतला मेकॅनिक आपल्याकडचा लावून देऊ शकत नाही. त्याच मॉडेलचा शोधावा लागतो. मदरबोर्डचंही तेच. मग माझ्या डोक्यात प्रश्न उलटा झाला. मशीन किती चांगलं आहे यापेक्षा हे बंद पडलं तर याचे अवयव माझ्यापासून किती लांब आहेत?

सांगलीत एक डीलर आहे, छोटं दुकान, मोजकी मशीनं. त्याच्याकडे आधी मी ढुंकूनही बघितलं नव्हतं, कारण भाव दीडेक हजाराने चढा. त्याच्याकडे गेले आणि थेट विचारलं, ऑप्टिप्लेक्स ७०६० चा एसएमपीएस आहे का सुटा? तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे त्याच मॉडेलची उघडी पडलेली मशीनं रचून ठेवलेली. "मॅडम, ही सगळी पार्टची. एका शाळेला याच मॉडेलची लॅब दिलीय, त्यामुळे ठेवावीच लागतात." ती मेलेली मशीनं बघून मला जेवढा धीर आला तेवढा शोरूममधल्या चकचकीत मशीनांनी आला नव्हता.

मग पुण्यात शिकलेलं सगळं तिथे केलं. झाकण, टॅग, बायोस, डिस्क, ती तारखेची खिडकी. रॅम ८ जीबीची एकच पट्टी होती, तशीच दुसरी लावून घेतली, दोन पट्ट्या असल्या की काम जरा सरळ चालतं. मशीन अर्धा तास चालू ठेवून व्हिडिओ लावला, मागचे-पुढचे सगळे यूएसबी पोर्ट माझं डिजिटल सहीचं टोकन घालून तपासले. एक पोर्ट ढिला होता, त्यामुळे डबा बदलून घेतला. बिलावर सर्व्हिस टॅग लिहून मागितला. जीएसटीचं म्हणाल तर, जुन्या मालाचा व्यापारी बरेचदा फक्त नफ्याच्या फरकावर कर भरतो, मग घेणाऱ्याला त्या कराचं क्रेडिट मिळत नाही. मी स्वतः नोंदणीकृत नाही, मला फरक पडत नव्हता. दुकानासाठी घेणाऱ्यांनी मात्र बिल कुठल्या पद्धतीचं ते आधी विचारावं.

घरी आणल्यावर दोन किरकोळ खर्च निघाले. या मशीनला मागे डिस्प्लेपोर्ट आहेत, माझ्या मॉनिटरला एचडीएमआय, म्हणून केबल. आणि ऑफिसची मशीनं वायरवर चालत असल्याने आत वाय-फाय नव्हतं. मी राउटरपासून लॅनची वायर ओढली, कुणी डाँगल लावेल. बायोसची सीआर२०३२ बॅटरीही नवी घालून घेतली, चिल्लर खर्च आहे.

आता भाचा मागे लागलाय, "मावशी, मलाही असाच घेऊन दे, गेमिंगला." त्याला मी साफ नाही म्हटलं. या अर्ध्या उंचीच्या डब्यात पॉवर सप्लाय २०० वॅटचा, ग्राफिक्स कार्ड बसवायचं तर तेही अर्ध्या उंचीचं आणि वेगळी वीज न मागणारं. त्याला मोठा टॉवर किंवा नवा असेंबल्डच बरा. तो सध्या आय-३ १२१०० च्या हिशेबात गुंतलाय आणि रॅमचा भाव बघून मला रोज संध्याकाळी फोन करतो, "मावशी, आज परत वाढला."