आणि त्या मेरीचं पुढे काय झालं?

लोकांबद्दल बोलू नये असं आपल्याला लहानपणापासून सांगतात आणि सांगणारे स्वतः दिवसभर तेच करत असतात. मला तर हल्ली वाटायला लागलंय की दोघांनी बसून तिसऱ्याबद्दल बोलणं हा मायेचाच एक प्रकार आहे, म्हणजे कुचाळक्या नाही हां, त्या वेगळ्या, मी म्हणतेय ते "अगं, त्या अमकीचं काय झालं शेवटी?" छापाचं बोलणं. हे खूळ डोक्यात भरवलं एलिझाबेथ स्ट्राऊटनं. ही अमेरिकेतली लेखिका, १९५६ चा जन्म, मूळची मेन राज्यातली, कायदा शिकली, वकिली थोडकी करून सोडली आणि पहिली कादंबरी आली थेट १९९८ मध्ये, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. (हे वाचून मला उगाच बरं वाटलं.)

तिची 'माय नेम इज लूसी बार्टन' ही छोटीशी कादंबरी, २०१६ ची. लूसी न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात पडलीय, ऑपरेशननंतर काहीतरी बिघडलंय आणि ते बरंच होत नाहीये, जवळजवळ नऊ आठवडे. नवऱ्याला हॉस्पिटलं सहन होत नाहीत म्हणून तो फारसा फिरकत नाही, पण तो तिच्या आईला मात्र बोलावून घेतो. ही आई कित्येक वर्षांत भेटलेली नाही, जन्मात कधी विमानात बसलेली नाही, ती इलिनॉयमधल्या ॲमगॅश नावाच्या खेड्यातून येते आणि पाच दिवस लेकीच्या पायाशी खुर्ची टाकून बसते. नर्स झोपायला खाट देतात तर नको म्हणते. आता इतक्या वर्षांनी भेटल्यावर बोलायला काय कमी असणार? घरची भयंकर गरिबी, लूसीची पहिली अकरा वर्षं गॅरेजमध्ये गेलेली, बापाचा संताप, मार, ट्रकमध्ये कोंडून ठेवणं, सगळं दोघींच्या मधे पडलेलंच आहे. त्यातलं एक अक्षर आई काढत नाही. ती काय सांगते, तर गावातल्या बायकांची लग्नं कशी मोडली! अमकी नवऱ्याला सोडून गेली आणि पस्तावली, 'मिसिसिपी मेरी'ला नवऱ्याच्या सेक्रेटरीबरोबरच्या भानगडीचा पत्ता लागला. लूसी लहान मुलीसारखी 'अजून सांग ना' करत राहते. मधेच ती विचारून बघते, माझ्यावर प्रेम आहे का तुझं, तर आई ते धड कबूल करत नाही, वेडी कुठली म्हणून उडवते, शेवटी फारच मागे लागल्यावर एवढंच की हो, तुझे डोळे मिटलेले असताना. मी तिथे पुस्तक खाली ठेवलं आणि उठून काहीतरी काम केलं, काय ते आठवत नाही.

म्हणजे त्या मेरीच्या गोष्टीत मेरी महत्त्वाची नाहीच. ज्यांना एकमेकींशी एकमेकींबद्दल बोलता येत नाही त्यांना उभं राहायला ती मधली जागा आहे. (मेरीचं पुढे काय झालं ते पुढच्या पुस्तकात कळतं, चांगलं झालं तिचं, इटलीला गेली.)

स्ट्राऊटच्याच ऑलिव्ह किटरिजची तऱ्हा उलटी. ही मेनमधल्या क्रॉस्बी नावाच्या काल्पनिक गावातली रिटायर्ड गणिताची मास्तरीण, फटकळ, आडदांड, नवरा हेन्री मात्र गोड स्वभावाचा फार्मासिस्ट. तिच्याच नावाच्या या पुस्तकाला २००९ चं पुलित्झर मिळालं. त्यात एकुलत्या एक मुलाच्या लग्नात ऑलिव्ह जरा पडायला म्हणून आतल्या खोलीत जाते आणि तिला नव्या सुनेचं बोलणं ऐकू येतं, सासूच्या ड्रेसबद्दल. मोठाल्या फुलांचा तो ड्रेस तिनं हौसेनं स्वतः शिवलेला असतो! ती बाहेर जाऊन भांडत नाही, रडत नाही, सुनेचं कपाट उघडून एका स्वेटरवर मार्करनं रेघ ओढते, एक ब्रा आणि एकच बूट पर्समध्ये कोंबते. एकच! हे वाचून मी फिसकन हसले आणि मग वाटलं, ही बाई आतून केवढी हादरली असेल. आपल्याबद्दल आपल्या माघारी काय बोललं जातं हे ऐकू येणं म्हणजे घरातून हाकलण्यासारखंच, आणि तेही मुलासाठी आपण नवराबायकोनं बांधून दिलेल्या घरातून.

परकेपणा तर स्ट्राऊटच्या सगळ्याच पुस्तकांत आहे. 'लूसी बाय द सी'मध्ये २०२० च्या मार्चात कोरोनामुळे लूसी आणि तिचा आधीचा नवरा विल्यम न्यूयॉर्क सोडून क्रॉस्बीत येतात, तर गाडीवर कुणीतरी पाटी लावून जातं की न्यूयॉर्कवाल्यांनो, परत जा. पुढे त्याच गावातल्या बॉब बर्जेस नावाच्या वकिलाशी लूसीची दोस्ती होते, दोघं फिरायला जातात, बॉब बायकोच्या चोरून एक सिगरेट ओढतो आणि बोलत राहतो. प्रेमप्रकरण होणार की काय म्हणून मी धास्तावले होते, पण ते सोडा, ते वाचूनच कळेल.

आणि मग 'टेल मी एव्हरीथिंग', २०२४ ची, तिची दहावी. ऑलिव्ह आता नव्वदीची, वृद्धांच्या वसाहतीत राहते, आणि लूसीला बोलावून घेते कारण तिच्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. पहिल्या भेटीत तिला लूसी उंदरासारखी भित्री वाटते. मग दोघी आलटून पालटून गोष्टी सांगतात, कुठेच नोंद न झालेल्या साध्या माणसांच्या, आणि गोष्ट संपली की थोडा वेळ वाद की हिचा अर्थ काय, ऑलिव्हला अर्थ पाहिजे असतो, लूसीला त्याचं फारसं पडलेलं नसतं. दोघींचं एरवी कशातच जमलं नसतं असं मला वाटतं.

आता तक्रार पण करते. लूसीचं सारखं 'म्हणजे मला असं म्हणायचंय की' कधीकधी डोक्यात जातं, आणि या दहाव्या पुस्तकात सगळे जरा जास्तच समजूतदार झालेत, पहिल्या ऑलिव्हनं दोघातिघांना तरी झापलं असतं. पण एक गंमत अशी की १९९८ च्या पहिल्या कादंबरीतली इझाबेल २०१९ च्या 'ऑलिव्ह, अगेन'मध्ये म्हातारी होऊन ऑलिव्हची शेजारीण म्हणून उगवते, आणि आपण लगेच "अय्या, ही इथे? आणि हिच्या मुलीचं काय?" करायला लागतो, म्हणजे वाचणाराही त्या गप्पांत खुर्ची ओढून बसलाच की.

कुठून सुरू करायचं विचाराल तर लूसी बार्टनपासून करा, दोन बैठकांत होते. दहावं आधी उचलू नका, तिथे सगळे एकमेकांना ओळखत असतात आणि आपली कुणी ओळखच करून देत नाही.