कोपनहेगनहून एका दिवसात लुंद

कोपनहेगनला चार-पाच दिवसांसाठी येणारे बहुतेक जण 'स्वीडनही उरकून टाकू' म्हणत पुलापलीकडच्या माल्मोला उतरतात, थोडं भटकतात आणि परततात. मला विचाराल तर माल्मोला उतरूच नका. त्याच गाडीत आणखी जेमतेम पाव तास बसून राहा आणि लुंद हे जुनं गाव गाठा.

लुंद वसलं ते ९९० च्या सुमारास, आणि तेव्हा ते डेन्मार्कमध्ये होतं. बाराव्या शतकात अख्ख्या स्कँडिनेव्हियाचा आर्चबिशप इथं बसायचा. १६५८ च्या रोस्किल्डच्या तहात डेन्मार्कनं हा स्कोने प्रांतच स्वीडनला गमावला. तो परत मिळवायला डॅनिश फौज आली आणि डिसेंबर १६७६ मध्ये गावाच्या उत्तरेला भयंकर कापाकापी झाली. त्याआधी, १६६६ मध्ये, स्वीडननं इथं विद्यापीठ काढलं होतं. नव्या रयतेला स्वीडिश वळण लावणं हा त्यामागचा उघड हेतू. थोडक्यात काय, जुनं डेन्मार्क बघायला स्वीडनला जावं लागतं!

कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनवरून लुंदला थेट गाडी आहे, सुमारे पाऊण-एक तासाची. तिकीट आधीच काढा, गाडीत मिळत नाही. कोपनहेगन कार्ड (पर्यटकांचा पास) पुलापलीकडे चालत नाही. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे एकच, पण मूळ पासपोर्ट जवळ हवाच, मोबाईलमधला फोटो चालत नाही. स्वीडनमधलं पहिलं स्टेशन हिली. तिथं पोलीस डब्यात चढून कागद बघतात. आमच्या वेळी दोन मिनिटांत झालं, पण गाडी कधीकधी रेंगाळते.

विमानतळानंतर गाडी आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, मग पेबरहोल्म या कृत्रिम बेटावर वर येते आणि तिथून पूल सुरू होतो. २००० साली खुला झालेला हा ओरेसुंद पूल जवळजवळ आठ किलोमीटरचा. फोटोंच्या फार आशेनं मात्र बसू नका. वरच्या मजल्यावर मोटारी, रेल्वे खालून. समुद्र दिसतो तो लोखंडी तुळयांच्या फटींतून.

लुंदला स्टेशनपासून सगळं चालत. पाच-सात मिनिटांवर कॅथेड्रल, प्रवेश फुकट. घड्याळाची वेळ धरून दिवस आखा. पंधराव्या शतकातलं हे खगोलीय घड्याळ दुपारी १२ आणि ३ ला वाजतं. रविवारी पहिला खेळ १ ला असतो. दहा मिनिटं आधी जाऊन पुढची जागा धरा, गर्दी आरतीला जमावी तशी जमते. वर दोन घोडेस्वार तलवारींनी टोले देतात, चिमुकले तुतारीवाले वाजवतात, दार उघडतं आणि तीन राजे नोकरांसह मेरीच्या मांडीवरच्या बाळ येशूपुढून वाकत जातात. सासूबाई म्हणाल्या, "एवढंच?" खरंय, खेळ छोटासाच. पण लोक पांगले की खालची तबकडी बघा. १९२३ मध्ये घड्याळ दुरुस्त झालं तेव्हा तिच्यावर २१२३ पर्यंतची दिनदर्शिका कोरली आहे.

मला जास्त आवडलं ते तळघर. दगडी खांबांच्या रांगांमध्ये एका खांबाला एक माणूस घट्ट मिठी मारून उभा आहे, तो फिन राक्षस. त्यानं संत लॉरेन्सला चर्च बांधून द्यायचं कबूल केलं. बोली अशी की काम संपायच्या आत माझं नाव ओळख, नाहीतर सूर्य-चंद्र दे किंवा तुझे दोन्ही डोळे. राक्षसीण बाळाला जोजवताना नवऱ्याचं नाव घेऊन गात होती, ते संतानं ऐकलं. फिन संतापून खांब उपटायला धावला आणि तिथंच दगड झाला. बायको आणि मूल दुसऱ्या खांबाला आहेत. तिथल्या विहिरीच्या कठड्यावर मेंढीला डसलेली भलीमोठी ऊ कोरली आहे, तीही शोधा.

जेवणाला 'दागेन्स लंच', म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं दुपारचं जेवण, मागा. कामाच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत मिळतं, त्यात बहुधा सॅलड, पाव, कॉफी सगळं येतं आणि रात्रीच्या मानानं बरंच स्वस्त पडतं. शाकाहारी असाल तर फलाफेल. वेलदोडा घातलेला दालचिनीचा बन चुकवू नका. रोख रक्कम जवळपास कुठेच घेत नाहीत, आणि डॅनिश क्रोनर तर मुळीच नाही. कार्ड ठेवा.

दुपारी कुल्तुरेन हे उघड्यावरचं संग्रहालय बघा. ठिकठिकाणाहून आणलेली जुनी घरं, आत चुली-पलंगांसकट. तिकीट आहे, दोन तास सहज जातात. उन्हाळा सोडला तर सोमवारी बंद असतं. पाय दुखत असतील तर त्याऐवजी वनस्पती उद्यान, तेही फुकट. मुलं सोबत असतील तर त्यांना सांगा की टेट्रा पॅक १९५१ मध्ये इथंच सुरू झालं (आपल्या चाकणला त्यांचा कारखाना आहे), आणि ब्लूटूथही इथल्या एरिक्सनमध्ये जन्मलं. ते नाव ज्या हॅराल्ड 'ब्लूटूथ' या डॅनिश राजाचं, त्याच्याच मुलाच्या काळात लुंद वसलं.

गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आहेत. बाबागाडी आणि चाकाची बॅग दोन्ही जीव काढतात. बूट जाड तळव्याचे घाला. डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं, तेव्हा सकाळी लवकर निघा. संध्याकाळचं विमान असेल तर सामान सकाळीच विमानतळावरच्या लॉकरमध्ये टाका. ही गाडी जाता-येता तिथं थांबते, कोपनहेगनला परत जायची गरजच नाही.