सायप्रस : समुद्राकडे पाठ करून ट्रूडोसच्या खोऱ्यांत

सायप्रसला जाणारे बहुतेक जण लिमासोल, पाफोस नाहीतर आयिया नापाच्या किनाऱ्यावर उतरतात आणि तिथेच रमतात. समुद्र सुंदर आहेच. पण माझं मत विचाराल तर हे बेट कळायला ट्रूडोसच्या डोंगरांत शिरायलाच हवं. आम्ही मुक्काम लिमासोलला ठेवला होता. रोज सकाळी एकच खोरं धरायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं. अंतरं तेवढीच आहेत.

आधी गाडीचं बघू. आगगाडी इथे 1951 साली बंद झाली. डोंगरगावांना बस आहेत, पण इतक्या मोजक्या की दिवसभराची फेरी त्यांच्यावर बेतता येत नाही. भाड्याची गाडी घ्याच. 1960 पर्यंत इंग्रजांचा अंमल असल्यामुळे वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते. घाट चालवायची सवय असलेल्या माणसाला काहीच नवं वाटणार नाही. घराजवळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. महामार्गावर वेगमर्यादा ताशी 100, गावात 50. घाटात मात्र नकाशावरचे वीस किलोमीटर पाऊण तास सहज खातात, म्हणून एका दिवसात दोन खोरी जोडायचा मोह टाळा. बेटाचा उत्तर भाग 1974 पासून तुर्की ताब्यात आहे. भाड्याच्या गाडीचा विमा तिकडे बहुधा चालत नाही, तेव्हा जायचा विचार असेल तर गाडी घेतानाच विचारून घ्या.

एकच दिवस हाताशी असेल तर तो सोलेआ खोऱ्याला द्या. निकितारी गावाच्या पुढे, झाडीत, असिनूचं छोटंसं चर्च आहे. बाहेरून पाहिलं तर कोकणातलं उतरत्या कौलांचं घरच वाटावं. ट्रूडोसमध्ये बर्फ पडतो, म्हणून मूळ छतावर हे दुसरं लाकडी, उतरतं छप्पर चढवलेलं असतं. आत पाऊल टाकलं की डोळे सरावायला मिनिटभर जातं आणि मग भिंती दिसू लागतात : जमिनीपासून छतापर्यंत एक वीतही जागा कोरी नाही. सगळ्यात जुनी चित्रं 1105-06 सालची. दारावर चर्च बांधवणारा गृहस्थ दोन्ही हातांत चर्चची छोटी प्रतिकृती धरून उभा आहे, अगदी ह्याच चर्चची. बाहेरच्या दालनात पांढऱ्या घोड्यावरचा संत जॉर्ज आहे आणि अंतिम निवाड्याचा देखावा आहे. नुसतं डोकावून बाहेर पडू नका, निदान अर्धा तास आत थांबा. ट्रूडोसमधली अशी दहा चित्रांकित चर्चं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पहिली नऊ 1985 साली आली, दहावं नंतर.

यातली बरीच चर्चं कुलूपबंद असतात आणि किल्ली गावातल्या पाद्र्याकडे किंवा राखणदाराकडे असते. दारावर फोन नंबर लावलेला असतो. नसेल तर गावच्या कॉफीच्या दुकानात विचारायचं, कोणीतरी उठून बोलावून आणतं. दुपारी जेवणाच्या वेळी मात्र कोणी भेटेल अशी आशा धरू नका, साडेअकराच्या आत पोहोचा. प्रवेश फुकट असला तरी पेटीत दोन-चार युरो टाकावेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आत फोटो काढायची बहुतेक ठिकाणी परवानगी नसते.

असिनूहून काकोपेत्रियाला जा. ओढ्याकाठची जुनी दगडी घरं नीट जपली आहेत आणि जेवायची सोयही चांगली आहे. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. भाजलेलं हलूमी चीज सगळीकडे मिळतं. त्याशिवाय ‘लूवी’ मागा : उकडलेली चवळी, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. ‘कोलोकासी’ म्हणजे आपली अळकुडीच, पण ती बऱ्याचदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, तेव्हा विचारल्याशिवाय मागवू नका. चर्चच्या उपासाच्या काळात गेलात तर बिनमांसाचे, बिनदुधाचे पदार्थ आपसूकच वाढतात.

दक्षिण उतारावरची ओमोदोस, वूनी, आर्सोस ही द्राक्षांची गावं. ओमोदोसमध्ये गर्दी असते, वूनी मला जास्त आवडलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे ‘सूत्सूकोस’ करताना पाहायला मिळतं. बदाम किंवा अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या रसात पीठ घालून आटवलेल्या खळीत बुडवतात, टांगून वाळवतात, पुन्हा बुडवतात. थरावर थर चढून जाड, तपकिरी दांडी तयार होते. तिची चकती कापली की मधोमध बदाम दिसतो. ही घरी आणायला उत्तम, टिकते. कोमांदारिया ही उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइनही इथल्याच उतारांवरची. चाखायची असेल तर गाडी चालवणाऱ्याने हात आखडता घ्यावा, वळणं फार आहेत.

लेफकारा आणि खिरोकितिया एका दिवसात आरामात होतात, दोन्ही लार्नाकाच्या बाजूला महामार्गाजवळ आहेत. खिरोकितियाला इसवी सनापूर्वी सातव्या सहस्रकातल्या वस्तीचे गोल घरांचे पाये आहेत. सावली नाही, म्हणून सकाळी आधी तिथे जा, टोपी आणि पाणी घेऊन. लेफकारा भरतकाम आणि लेससाठी प्रसिद्ध. 2009 पासून ही कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. लिओनार्दो दा विंची इथून कापड घेऊन गेला, अशी दंतकथा प्रत्येक दुकानात ऐकायला मिळते. विकत घेताना कापड उलटून पाहा : हातचं खरं काम दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. यंत्राची स्वस्त लेसही शेजारी मांडलेली असते. मोठा टेबलक्लॉथ महाग पडतो, कारण त्यात महिनोन्‌महिन्यांची मेहनत असते, त्यामुळे फार घासाघीस करू नये. छोटा रुमाल घ्या, पण हातचा घ्या.

जायला एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये किनारा भाजून काढतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत 1952 मीटर उंचीच्या ऑलिंपस शिखराभोवती बर्फ असतो, तेव्हा निघण्याआधी रस्ते उघडे आहेत का ते विचारा. एप्रिलमध्येसुद्धा वर गारठा असतो, गाडीत एक स्वेटर असू द्या.