अर्धी प्रदक्षिणा

महादेवाला प्रदक्षिणा अर्धीच घालायची असते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. पण ही अर्धी प्रदक्षिणा पायांना प्रत्यक्षात किती लांब पडते, याचा हिशेब मी पंचेचाळिशी उलटेपर्यंत कधी केला नव्हता. तो करावा लागला गेल्या मार्गशीर्षात, आत्याच्या दुखऱ्या गुडघ्यामुळे.

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर, ओढ्याच्या काठी, काळ्या दगडाचे एक जुने शिवमंदिर आहे. शिखर केव्हाच पडलेले, सभामंडपाचा एक कोपरा खचलेला, आणि कोणा भाविकाने द्वारशाखेवरच्या, म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या, वेलबुट्टीला हौसेने लाल-पिवळा ऑइल पेंट फासलेला. तो रंग पाहिला की माझा अजूनही जीव खाली-वर होतो. पण ज्याने तो लावला, त्याने स्वतःच्या खिशातले पैसे घालून आणि श्रावणी सोमवारचा उपवास धरून लावला होता, हेही माहीत असल्यामुळे तोंडातून शब्द फुटत नाही. मंदिराच्या भिंती मात्र तळापासून कपोतापर्यंत, म्हणजे वरच्या पुढे आलेल्या कंगोऱ्यापर्यंत, शाबूत आहेत, आणि मी जातो तो त्या भिंतींसाठी. आत्या जाते ती पिंडीसाठी. एकाच रिक्षातून आम्ही दोघे दोन वेगळ्या ठिकाणी जात असतो, असे म्हटले तरी चालेल.

दर्शन झाल्यावर मी तिला म्हटले, “आत्या, गुडघा बघ. इथेच घटकाभर टेकू या.” ती पदर खोचत म्हणाली, “अर्धीच तर घालायची हाय, लेकरा,” आणि चालू लागली.

मंदिर पूर्वाभिमुख आहे आणि अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणारी प्रणाली उत्तरेच्या भिंतीत आहे. ती ओलांडायची नाही, हा नियम. म्हणून नंदीपासून निघून दक्षिणेची भिंत, मग पश्चिमेची, मग उत्तरेला वळून प्रणालीपर्यंत जायचे. तिथून मागे फिरून त्याच वाटेने पुन्हा पुढच्या दारापाशी यायचे आणि पलीकडून प्रणालीची दुसरी बाजू गाठून परत नंदीपाशी यायचे. पाऊण फेरी जाताना, पाऊण येताना, आणि वर पाव फेरीचे जाणे-येणे. बेरीज केली तर अर्धी म्हणता म्हणता माणूस पुऱ्या दोन फेऱ्या चालतो. मी हा हिशेब आत्याला मोठ्या उत्साहाने सांगितला. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी शाळेत असताना गणितात नापास झाल्यावर पाहिली होती.

प्रणालीला सोमसूत्र म्हणतात, आणि तिथून वाहणारे तीर्थ पायाखाली येऊ नये, हे न ओलांडण्याचे साधे कारण. शिवमहिम्न स्तोत्राचा कर्ता पुष्पदंत गंधर्व अदृश्य होऊन राजाच्या बागेतली फुले चोरीत असे, वाटेत पसरलेले निर्माल्य नकळत तुडवल्यामुळे त्याची ती शक्ती गेली, आणि मग त्याने ते स्तोत्र रचले, अशी कथा आहे. पण मूर्ती पाहायला आलेल्या माणसाला हा नियम किती सोयीचा आहे, ते मात्र मला त्या दिवशी आत्याच्या गतीने चालताना कळले. एरवी मी एकाच दिशेने, भरभर, फोटो काढीत फिरायचो.

या मंदिरांची भिंत सपाट नसते. ती पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते; एका भिंतीला पाच-सात कोन असतात, आणि प्रत्येक कोनाच्या समोरच्या बाजूवर जशी मूर्ती असते तशी अंगच्या बाजूंवरही असते. त्यामुळे जाताना ज्या मूर्ती आपल्याला सामोऱ्या येतात, त्यांच्याच पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दुसऱ्या मूर्ती फक्त परतताना दिसतात. दर्पणात पाहून कुंकू रेखणारी सुरसुंदरी, म्हणजे देवळाच्या भिंतीवरची अप्सरा, मला लहानपणापासून परिचयाची होती. पण तिच्या पलीकडच्या अंगाला, न्हाऊन केस पिळणारी आणि केसांतून गळणारे पाणी चोचीत झेलणारा हंस पायाशी असलेली कर्पूरमंजरी आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते. त्यात सकाळचे साडेआठ वाजलेले. मार्गशीर्षातला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्याचे ऊन दक्षिणेच्या भिंतीला घासून तिरपे जाते. जाताना प्रत्येक चेहऱ्याची उजळ बाजू दिसली, येताना सावलीची, आणि सावलीच्या बाजूने पाहिल्यावर नाक, हनुवटी, बोटांची पेरे एकदम उठून आली. दुपारी बारा वाजता हीच भिंत पाहावी तर काळ्यावर काळे असे काहीतरी दिसते, आणि लोक “काही खास नाही” म्हणत परत जातात.

आमच्याकडे अशा कोणत्याही देवळाला हेमाडपंती म्हणण्याची पद्धत आहे. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आणि मराठवाड्यातली कितीतरी देवळे त्याच्या जन्माआधीची, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली आहेत. तरीही नाव त्याचेच चिकटले. चुना न वापरता, खाचा आणि कुसवे एकमेकांत बसवून, निव्वळ वजनावर दगड तोलून धरण्याच्या पद्धतीला लोकांनी एक नाव दिले, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. वेरूळच्या कैलासात याच जातीच्या दगडाचा डोंगर वरून खाली कोरत नेला आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकातले ते काम. तिथे नको तो दगड काढून टाकायचा होता, इथे हवा तो आणून रचायचा होता. चूक झाली तर कोणत्या पद्धतीत जास्त महागात पडत असेल, याचा विचार मी बराच वेळ केला.

कर्नाटकातल्या हळेबीडची शिल्पे पाहून आलेले लोक आमच्या मूर्तींना थोड्या जाड्याभरड्या म्हणतात. तिथे दागिन्यांचा मणी न् मणी सुटा कोरलेला असतो, हे खरेच आहे. पण ती घडवणाऱ्या, होयसळ राजांच्या कारागिरांना मऊसर दगड लाभला होता. खाणीतून निघताना तो छिन्नीला सहज वश होतो आणि पुढे उघड्यावर कठीण होत जातो. आमचा बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. तो निघतानाही कठीण आणि नंतरही कठीण. त्यात कर्पूरमंजरीच्या केसाखाली हंसाची उघडी चोच सोडवणे म्हणजे काय काम आहे, हे मी वाचून जाणत होतो. ते अंगाने जाणणारे माणूस माझ्या शेजारीच चालत होते, याची मला कल्पना नव्हती.

उत्तरेच्या देवकोष्ठात, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, प्रणालीच्या जरा अलीकडे, चामुंडा आहे. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी कृश, स्तन सुकलेले, पोट पाठीला लागलेले आणि त्या खोल गेलेल्या पोटावर एक विंचू कोरलेला. शिवमंदिराच्या उत्तर भिंतीवर ती पुष्कळदा असते. मी आत्याला तिची माहिती सांगायला तोंड उघडले, तोच ती म्हणाली, “ही बाहत्तरची बाई.”

“कोण?”

“बाहत्तरच्या दुष्काळातली. अशाच दिसायलो होतो की आम्ही समद्या.”

आत्या तेव्हा सोळा वर्षांची होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. दुपारी सुकडी मिळायची, एवढे मी घरात ऐकले होते. त्यापलीकडे तिने कधी काही सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. आता ती प्रणालीपाशी उभी राहून, श्वास घेत, सांगू लागली. हा दगड हातोडीला परत उडवतो. बोटे शाबूत ठेवायची असतील तर फटका कुठे घालायचा ते आधी हाताने चाचपून बघावे लागते, कारण याला एक शीर असते. ती सापडली तर दोन फटक्यांत फुटतो, नाही सापडली तर दिवस जातो आणि ढीग तेवढाच राहतो. मोजणीला माणूस येई तेव्हा ढीग भरला नाही तर मजुरी कापली जाई. कपच्या डोळ्यांत जात. तिच्या भुवईवरचा पांढरा व्रण त्यातलाच, हे मला त्या दिवशी कळले.

मग आम्ही मागे फिरलो. जाताना आत्याने भिंतीकडे मान वर करूनही पाहिले नव्हते. तिच्या लेखी देव आत होता. येताना मात्र ती भिंतीला हात लावीत चालली. पश्चिमेच्या कोनावर थांबून तिने एका जुळणीवरून अंगठा फिरवला, दोन दगडांमध्ये नखही शिरत नव्हते. दक्षिणेला कर्पूरमंजरीपाशी आल्यावर तिने हंसाच्या चोचीत तर्जनीचे टोक घालून पाहिले. ते आत जाऊन पलीकडून निघाले.

“फुटलं कसं नाही रे हे?” ती म्हणाली. “शीर कुठं असंल ह्याची?”

मला सांगता आले नाही. तिने चार-पाच जागी तळवा दाबून पाहिला, कान लावल्यासारखी मान तिरपी केली, आणि शेवटी हंसाच्या मानेखाली बोट टेकवून, “हितून गेली बघ आडवी, त्यानं वाचवलीय,” असे पुटपुटली. पुढच्या दारापाशी पोचल्यावर मी पुन्हा टेकण्याचे सुचवले. प्रणालीची दुसरी बाजू राहिली होती, म्हणून ती थांबली नाही.