कमेंटमधलं उदाहरण चालवून बघणारं साधन

कोडमधल्या कमेंटवरून, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या टिपांवरून, डॉक्युमेंटेशनची (माहितीची) पानं तयार करणारी साधनं मी रोज वापरते. जावाडॉक जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९६ पासून आहे. दिमित्री फान हेश यांचं डॉक्सिजन १९९७ मध्ये आलं. आमच्या सी++ कोडसाठी डॉक्सिजनच.

त्याची कुरकुर मला फार उपयोगी वाटते. फंक्शनमधल्या पॅरामीटरचं नाव बदललं आणि वरच्या कमेंटमध्ये जुनंच राहिलं, की ते लगेच बजावतं. पण नाव ‘टाइमआउट’च ठेवून कोडमध्ये सेकंदांचे मिलिसेकंद केले आणि कमेंटमध्ये सेकंदच राहिले, तर ते गप्प. पान देखणं दिसतं, माहिती मात्र शिळी. वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो आणि फसतो.

म्हणून रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची पद्धत मला मनापासून पटते. लायब्ररीतल्या फंक्शनवर तीन तिरक्या रेघांच्या कमेंटमध्ये उदाहरण लिहायचं. ‘कार्गो टेस्ट’ ही रस्टची कमांड ते कंपाइल करते आणि चालवूनही बघते. अपेक्षित उत्तर असर्टमध्ये (उत्तर तपासणाऱ्या ओळीत) दिलेलं असेल आणि कोड आता वेगळं उत्तर देत असेल, तर टेस्ट तिथेच नापास. (पायथनमध्ये डॉकटेस्ट नावाची अशीच सोय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.)

यातलं कुठलंच साधन ‘का’ लिहून देत नाही. टीममध्ये नवीन आलेल्यांना मी एवढंच सांगते: ‘गेटप्राइस’ फंक्शनवर ‘किंमत मिळवते’ असं लिहू नका रे, ते नावातच दिसतंय. किंमत सापडली नाही तर शून्य येतं की एरर, आणि तसं का ठरवलं, ते लिहा.